स्कॅलप: बाजारातून तव्यापर्यंत

तिसऱ्या-कालवं खाऊन वाढलेला माणूस बॉस्टन किंवा लंडनच्या मासळीच्या दुकानातून पहिल्यांदा स्कॅलप, म्हणजे दोन शिंपांमधला एक समुद्री जीव, आणतो, तेव्हा बहुतेकदा दोनपैकी एक फजिती होते. तव्यावर टाकताच त्यांना इतकं पाणी सुटतं की ते भाजले न जाता उकडून निघतात. नाहीतर तिसऱ्यांच्या सवयीने ते कालवणात दहा-पंधरा मिनिटं रटरटतात आणि चिवट गोळ्या हाती लागतात. दोष मसाल्याचा नसतो. तिसरीचं आपण सगळं अंग खातो, स्कॅलपचा मात्र बहुतेक ठिकाणी एकच स्नायू खाल्ला जातो. तो स्नायू शिंपल्यात काय काम करत होता हे कळलं, की विकत काय घ्यायचं, कापून काय टाकायचं आणि आचेवर किती वेळ ठेवायचं, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

तो स्नायू

तिसरी वाळूत रुतून बसते, कालव खडकाला कायमचं चिकटतं, शिनाणे धाग्यांनी स्वतःला बांधून घेतात. स्कॅलपही लहानपणी धाग्यांनी चिकटतो, पण बहुतेक जातींमध्ये मोठेपणी तो ते सोडून समुद्राच्या तळावर मोकळा राहतो. तारामासा जवळ आला की दोन्ही शिंपा झपझप उघडझाप करतो, बिजागरीच्या दोन्ही बाजूंनी पाण्याचे झोत बाहेर पडतात आणि स्कॅलप तोंड पुढे करून, पाण्याचे चावे घेत असल्यासारखा पळतो. शिंपा मिटायचं काम स्नायूचं. उघडण्यासाठी स्नायूच नाही! बिजागरीत ॲबडक्टिन नावाच्या प्रथिनाची लवचीक गादी असते. शिंपा मिटताना ती दाबली जाते आणि स्नायू सैल पडला की उसळून शिंपा उघडते.

हा मिटणारा स्नायू मधोमध असतो आणि त्याचे दोन भाग असतात. मोठा गोल भाग झटक्यात आकसणारा, पोहण्यासाठीचा. आपण खातो तो हाच. त्याच्या कडेला चिकटलेली चंद्रकोरीसारखी छोटी पट्टी वेगळ्या जातीची असते. शिंपा तासन्‌तास एकाच स्थितीत धरून ठेवायचा, तोही फारशी शक्ती न खर्चता, हे तिचं काम. म्हणून ती दाट, पांढरट आणि शिजल्यावर चिवट असते. ती काढायची असते, आणि ती का काढायची याचं कारण एवढंच.

मोठा भाग कोवळा का? तो कामाला लागतो तो थोडा वेळच. काही उड्या मारल्या की थकतो आणि मग विसावतो. त्यात चरबी १०० ग्रॅमला जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि बोकडाच्या मटणासारखे दीर्घ शिजवून मऊ करायचे जाड पडदे जवळजवळ नाहीत. म्हणजे जास्त शिजवून मिळवण्यासारखं काहीच नाही, गमावण्यासारखं मात्र आहे. चवीतली गोडी ग्लायसीन या अमिनो आम्लाची आणि साठवलेल्या ग्लायकोजेनची. अंडी-शुक्राणू तयार करताना हा साठा खर्च होतो, त्यामुळे नुकत्याच अंडी सोडलेल्या स्कॅलपचा स्नायू बारीक आणि पाणचट लागतो.

आणखी एक फरक खरेदीच्या कामाचा. तिसरी शिंपा घट्ट मिटून पाण्याबाहेर बरेच तास तग धरते. स्कॅलपच्या शिंपा पुरत्या बंद होत नाहीत. आतलं पाणी गळून जातं आणि तो लवकर मरतो. म्हणूनच तो बहुतेक ठिकाणी बोटीवरच सोलला जातो आणि दुकानात आपल्याला नुसते पांढरे गोळे दिसतात.

डोळ्यांबद्दल लिहायचं टाळलं तर अन्याय होईल, स्वयंपाकात त्यांचा काहीही उपयोग नसला तरी. मांसाच्या झालरीच्या काठाने स्कॅलपला डझनावारी डोळे असतात, काही जातींत दोनशेपर्यंत. त्यांत प्रतिमा भिंगाने नव्हे, तर मागच्या अंतर्वक्र आरशाने तयार होते. हा आरसा ग्वानिनच्या चौकोनी स्फटिकांचा, फरशा बसवाव्यात तसा रचलेला असतो. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ही रचना बारकाईने दाखवून दिली.

कुठे कोणता मिळतो

अमेरिका आणि कॅनडात ‘सी स्कॅलप’ म्हणून विकला जातो तो अटलांटिक स्कॅलप, प्लॅकोपेक्टेन मॅगेलॅनिकस. न्यूफाउंडलंडपासून नॉर्थ कॅरोलायनापर्यंत त्याचा वावर. तो वीस वर्षंही जगू शकतो, आणि त्यात नर-मादी वेगळे असतात. मॅसॅच्युसेट्समधलं न्यू बेडफर्ड हे त्याचं मोठं बंदर. ‘बे स्कॅलप’ हा वेगळा प्राणी, आर्गोपेक्टेन इरॅडियन्स: उथळ खाड्यांतल्या समुद्री गवतात राहतो, जेमतेम दीड-दोन वर्षं जगतो, स्नायू बोराएवढा पण फार गोड. नँटकेट बेटावर त्याचा व्यावसायिक हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होऊन ३१ मार्चला संपतो. पुष्कळ दुकानांत वर्षभर मिळणारे स्वस्त ‘बे स्कॅलप’ चिनी शेतीतले असतात. त्यासाठी हीच जात १९८२ मध्ये अमेरिकेतून चीनला नेली गेली.

ब्रिटन आणि फ्रान्समध्ये किंग स्कॅलप, पेक्टेन मॅक्सिमस. याची एक शिंप सपाट आणि एक खोलगट. हा उभयलिंगी असतो, त्यामुळे त्याच्या गाबोळीचा एक भाग नारिंगी (मादी) आणि एक भाग सायीच्या रंगाचा (नर). तिथे स्नायूबरोबर ही गाबोळीही खातात. जपानचा होताते, मिझुहोपेक्टेन येसोएन्सिस, मुख्यतः होक्काइडोचा. मुंबई-पुण्यात खास दुकानांत मिळतो तो आयात केलेला, गोठवलेला माल. कोकणच्या बाजारात तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवं असतात. स्कॅलप सहसा नाही.

कोरडा की भिजवलेला

सगळ्यात जास्त पैसे आणि जेवणं इथे वाया जातात, म्हणून हे नीट वाचा.

सोललेले स्कॅलप सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटच्या पाण्यात भिजवायची पद्धत आहे. फॉस्फेटमुळे स्नायूतली प्रथिनं जास्त पाणी धरून ठेवतात. गोठवताना रस गळत नाही हा त्याचा रास्त उपयोग, आणि वजन वाढतं हा दुसरा. असा माल म्हणजे ‘वेट’. काही न लावलेला तो ‘ड्राय’. ताज्या स्कॅलपमध्ये मुळातच ७५ ते ८० टक्के पाणी असतं. त्यावर आणखी भरलं, की तवा कितीही तापवा, ते आधी बाहेर येणार. शिवाय फॉस्फेटची साबणासारखी चव मागे राहते.

ओळखायचं कसं? पाकीट असेल तर घटकांची यादी वाचा: फक्त ‘स्कॅलप’ असेल तर ठीक, फॉस्फेट किंवा ‘वॉटर ॲडेड’ दिसलं तर भिजवलेला. सुटा माल असेल तर रंग बघा. कोरडा स्कॅलप हस्तिदंती, किंचित गुलाबी, कधी फिकट नारिंगी असतो आणि एकाच ढिगात छटा वेगवेगळ्या दिसतात. नारिंगी छटा म्हणजे खराबी नव्हे, ती बरेचदा मादीची असते. सगळे सारखेच शुभ्र, चकचकीत, फुगीर आणि दुधाळ पाण्यात बसलेले असतील तर सोडून द्या. कोरडे एकमेकांना थोडे चिकटतात. भिजवलेले बोटांतून निसटतात. वास समुद्राचा, किंचित गोडसर हवा. आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर घेऊ नका, घरी आल्यावर लागला तर टाकून द्या.

घरी शंका राहिली तर एक स्कॅलप बशीत कागदी रुमालावर ठेवून मायक्रोवेव्हमध्ये १५ सेकंद गरम करा. कोरड्याचं थोडंसं पाणी निघेल, भिजवलेल्याभोवती डबकं साचेल.

आकार मोजायची रीत अशी: ‘यू-१०’ म्हणजे पाउंडात (४५४ ग्रॅम) दहापेक्षा कमी, म्हणजे एकेक ४५ ग्रॅमच्या वर. ‘१०-२०’ म्हणजे पाउंडात दहा ते वीस. तव्यावर खरपूस करायचे असतील तर यू-१० किंवा १०-२०मधले मोठे घ्या. बाहेरून रंग येईपर्यंत आत कोवळे राहायला तेवढी जाडी लागते. रवा लावून तळायला किंवा सुक्याला २०-३० पुरे. मोठ्या आकारासाठी जास्त पैसे मोजून ते कालवणात घालणं ही निव्वळ उधळपट्टी. ‘डे-बोट’ असं लिहिलेलं असेल तर बोट एका दिवसात परत आली आहे असा दावा असतो. लांबच्या फेरीत सोललेले स्कॅलप कापडी पिशव्यांत भरून बर्फावर ठेवतात आणि वितळत्या बर्फाचं पाणी ते शोषून घेतात, त्यामुळे फरक खरोखर पडतो. फक्त दुकानदार हा शब्द सढळ हाताने वापरतात.

भिजवलेलेच मिळाले तर? एक लिटर गार पाण्यात पाव कप लिंबाचा रस आणि दोन मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात अर्धा तास ठेवा. फॉस्फेटची चव बरीच दबते. पाणी मात्र जात नाही, आणि नंतर मीठ घालायची गरज राहत नाही. असे स्कॅलप तव्यावर खरपूस करायच्या भानगडीत पडू नका. ते सुक्यात वापरा.

शिंपल्यासकट मिळाले तर

ब्रिटनमध्ये किंग स्कॅलप अनेकदा असा मिळतो. शिंपा उघड्या असल्या तर टिचकी मारा. हलल्या, मिटू लागल्या तरच जिवंत. पातळ, लवचीक पात्याची सुरी हवी, कालवं फोडायची जाड सुरी इथे नडते. हातात जाड फडकं धरून खोलगट शिंप खाली, सपाट शिंप वर ठेवा. बिजागरीजवळच्या फटीतून पातं आत सरकवा आणि सपाट शिंपेच्या आतल्या बाजूला टेकवून ओढत न्या. पातं शिंपेपासून सुटलं तर अर्धा स्नायू शिंपेलाच राहतो, म्हणून खरवडल्याचा आवाज येत राहिला पाहिजे. स्नायू सुटला की वरची शिंप आपोआप उघडते. आता झालर, गिल्स (कल्ले) आणि काळी पिशवी अंगठ्याने एका बाजूने धरून एकत्र सोलून काढा, मग खालच्या शिंपेवरून स्नायू सुरीने सोडवा. गार मिठाच्या पाण्यात एकदाच बुडवून काढा. नळाखाली धरून ठेवले तर गोडी धुऊन जाते आणि स्नायू पाणी पितो.

ती काळी पिशवी म्हणजे पचनग्रंथी, आणि ती कधीही खायची नाही. स्कॅलप पाण्यातली सूक्ष्म शेवाळं गाळून खातो. त्यातली काही शेवाळं विषारी असतात, आणि ते विष मुख्यतः या ग्रंथीत, काही प्रमाणात झालरीत आणि गाबोळीत साठतं. स्नायूत सगळ्यात कमी. डोमोइक आम्ल हे त्यांपैकी एक, आणि किंग स्कॅलपच्या पचनग्रंथीतून ते जायला महिने लागतात. १९८७ मध्ये कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटाकडचे शिनाणे खाऊन शंभरावर लोक आजारी पडले, काही दगावले, ते याच विषाने. शिजवून, तळून किंवा गोठवून ही विषं नष्ट होत नाहीत. गाबोळी खायची असेल तर तपासणी झालेल्या मालाचीच खा. किनाऱ्यावर स्वतः गोळा केलेल्याची नको.

कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांना शिंपल्यांचीही असू शकते. अशा पाहुण्याला आधी विचारा.

वितळवणं

गोठवलेले स्कॅलप फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, पण भांड्यावर चाळणी आणि चाळणीत स्कॅलप, म्हणजे सुटलेल्या पाण्यात ते बसून राहणार नाहीत. हवाबंद पाकीट असेल तर आधी ते फोडा: हवा नसलेल्या पाकिटात, थंडीतही, बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. घाई असेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात अर्धा-पाऊण तास. कोमट पाणी, मायक्रोवेव्ह नको. कडा शिजतात आणि मध्य दगडच राहतो. एकदा वितळलेले परत गोठवले तर तंतू सुटतात. ताजे बर्फावर झाकून एक-दोन दिवस ठीक, बर्फाचं पाणी मात्र त्यांना लागता कामा नये.

तव्यावर

दोघांसाठी आठ यू-१० स्कॅलप, साधारण ३७०-४०० ग्रॅम. बिडाचा तवा किंवा जाड बुडाचं स्टीलचं पॅन, ३० सेंमी. नॉनस्टिक जास्त तापवता येत नाही, म्हणून त्यावर रंग यथातथाच येतो.

कडेची पट्टी बोटाने धरून ओढा, ती सहज सुटते. कधी ती आधीच काढलेली असते. मग स्कॅलप कोरड्या फडक्यावर मांडून वरून दुसरं फडकं हलकेच दाबा आणि दहा मिनिटं तसेच ठेवा. ही पायरी वगळणारा बाकी सगळं नीट करूनही फसतो: वरच्या थरात पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांपुढे जात नाही, आणि खरपूस रंग यायला १४०च्या पुढे जावं लागतं. स्कॅलप आत शिजून जातो तो या वाट बघण्याच्या काळात.

मीठ तव्यावर टाकायच्या अगदी आधी, दोन्ही बाजूंना मिळून अर्धा छोटा चमचा. आधीच लावून ठेवलं तर पाणी ओढून काढतं आणि फडक्याचं काम फुकट जातं.

तवा मध्यम-मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं तापवा. दीड मोठा चमचा शेंगदाण्याचं तेल किंवा साजूक तूप घाला. लोणी सुरुवातीला घातलं तर त्यातला दुधाचा अंश करपतो. तुपात तो नसतो, म्हणून इथे आपलं तूपच बरं. तेलातून धुराची पहिली रेघ निघाली की स्कॅलप ठेवा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, एकमेकांत दोन बोटं अंतर ठेवून. मावत नसतील तर दोन घाणे करा. गर्दी झाली की तवा गार पडतो, वाफ अडकते.

आता हात आवरा. दोन मिनिटं हलवू नका, दाबू नका. कवच तयार झालं की स्कॅलप स्वतःहून तवा सोडतो. उलथणं लावल्यावर चिकटलेला वाटला तर अजून वीस सेकंद थांबा. पहिला ठेवलेला पहिला उलटा. दुसरी बाजू दीड मिनिट. शेवटच्या अर्ध्या मिनिटात २० ग्रॅम लोणी आणि दोन ठेचलेल्या लसूण पाकळ्या टाकून वितळलेलं लोणी चमच्याने वर सोडत राहा. १०-२० आकाराला दोन्ही बाजू मिळून अडीच मिनिटं पुरतात.

झालं का हे कडेवरून कळतं. कडेचा पारदर्शकपणा वरून आणि खालून दुधाळ होत मध्याकडे सरकतो. मध्ये काडीएवढी अर्धपारदर्शक रेघ उरली की उतरवा, उरलेलं काम आतली उष्णता करते. बोटाने दाबलं तर दबून परत यावं. घट्ट लागला तर उशीर झाला. थर्मामीटर असेल तर ५० ते ५२ अंशांवर उतरवलेला स्कॅलप रसदार राहतो. ६०-६५च्या पुढे तंतू आकसून रस पिळून टाकतात. अमेरिकेतली सरकारी शिफारस मात्र ६३ अंशांची, आणि गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारी माणूस जेवायला असेल तर तीच पाळा. थोडा कोरडा झाला तरी चालेल. ताटलीत वाढताना खरपूस बाजू वर, रस्सा-चटणी खाली; वर ओतलात तर सगळी मेहनत भिजली.

आपल्या मसाल्यात

हळद-तिखट लावून असा कडक तापलेल्या तव्यावर ठेवू नका, मसाला मिनिटभरात जळून कडू होतो. आधी नुसते मिठाचे शेका, उतरवा, आच बारीक करा. मग त्याच तुपात चार पाकळ्या चिरलेली लसूण, पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट वीस सेकंद परता, एक चमचा आगळ घाला आणि हे ताटलीत पसरून वर स्कॅलप मांडा.

लिंबू, आगळ, चिंच लावून मुरवत ठेवायची सवय इथे सोडावी लागते. आंबटाने प्रथिनं आच न लागताही घट्ट होतात. बांगड्याला ते सोसतं, स्कॅलप पंधरा मिनिटांतच वरून पांढरा आणि पिठूळ होतो. रवा लावून करायचे तर २५० ग्रॅम लहान स्कॅलप पुसून, मीठ, एक चमचा तिखट, पाव चमचा हळद चोळा, लगेच तीन चमचे बारीक रवा आणि दोन चमचे तांदळाचं पीठ यांत घोळवा आणि लगेच तळा, प्रत्येक बाजू एक मिनिट. घोळवून ठेवले तर रवा ओला होतो आणि तेलात सुटून जातो.

सुकं करताना तिसऱ्यांचा क्रम उलटा करा. तिसऱ्या आधी टाकतो, कारण त्या उघडताना खारट पाणी सोडतात आणि त्यात वाटण शिजतं. स्कॅलपकडून ते पाणी मिळत नाही. म्हणून एक मोठा कांदा, आलं-लसूण, दीड चमचा मालवणी मसाला, तीन कोकमं, अर्धी वाटी ओलं खोबरं हे सगळं मीठ आणि अर्धी वाटी पाणी घालून आधी पुरतं शिजवा, तेल सुटेपर्यंत आटवा, आणि मग ४०० ग्रॅम स्कॅलप घालून झाकण ठेवून दोन मिनिटं. मीठ तिसऱ्यांच्या अंदाजाने घालाल तर अळणी होईल. झाकण काढल्यावर पाणी दिसलं तर ते आटवत बसू नका: स्कॅलप बाजूला काढा, रस आटवा, परत मिसळा.

चिनी दुकानात वाळवलेले स्कॅलपही मिळतात, पिवळसर, कडक, सोड्यांसारखे उग्र वासाचे. ते दोन तास कोमट पाण्यात भिजवून तंतू सुटे करा आणि सोडे घालतो तसे भातात किंवा वांग्या-बटाट्याच्या रश्श्यात घाला. यांना मात्र वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्यायला हरकत नाही, आणि भिजवलेलं पाणी फेकू नका. निम्मी चव त्यात असते.